चौघांनीं उचललेली खाट

शास्त्रपाठ : मार्क २ : १–१२



वर दिलेला शास्त्रभाग आपल्यापैकीं पुष्कळांस तोंडपाठ असेल. प्रभु येशू कफर्णहूम गांवीं एका घरांत आहे ही वार्ता पसरली, आणि लोक इतके लोटले कीं दारापाशींहि उभें राहण्यास जागा उरली नाहीं. तेव्हां चार माणसें एका पक्षघाती मनुष्याला खाटेवर घालून घेऊन आलीं. दारांतून शिरकाव होईना, म्हणून त्यांनीं छप्पर उस्तरलें आणि आजाऱ्यासह खाट खालीं सोडली. प्रभूनें त्यांचा विश्वास पाहिला. त्या मनुष्यास पापक्षमेचें वचन दिलें. आणि मग त्याला उठवून, त्याचीच खाट त्याच्या हातीं देऊन, घरीं पाठविलें.

आम्हां खानदेशांतील लोकांस ही गोष्ट समजण्यासाठीं मोठ्या टीकाग्रंथाची गरज नाहीं. सातपुड्याच्या रांगांत, अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ज्या पाड्यांपर्यंत मोटार पोहोंचत नाहीं, तेथून आजहि आजारी मनुष्याला अथवा अडलेल्या बाईला बांबूच्या झोळींत घालून माणसें डोंगर उतरतात. खांदा दुखला कीं दुसरा खांदा पुढें होतो. पावसाळ्यांत नाल्याला पाणी आलें तर झोळी डोक्यावर धरावी लागते. मार्कानें लिहिलेलीं तीं चार माणसें आपल्या ओळखीचींच आहेत, फक्त त्यांचीं नांवें लिहिलेलीं नाहींत.

या लेखांत आम्ही एवढाच प्रश्न विचारणार आहों : झोळी जेथें खालीं ठेवावयाची तें ठिकाण कसें असावें? आरोग्य केंद्राचा हेतु काय, त्याचा पाया कोणता, आणि आपल्या मंडळ्यांचा त्याच्याशीं संबंध काय?

रुग्णालयाचें माप आपण खाटांनीं करतों. अमुक दवाखाना तीस खाटांचा, तमुक पन्नास खाटांचा, असें म्हणतों. शास्त्रानें मात्र खाट एकच सांगितली आहे, आणि ती वाहणाऱ्यांची संख्या लिहून ठेविली आहे. यांत मोठा बोध आहे. आजाऱ्याची सोय किती भिंती बांधल्या यावरून ठरत नाहीं. त्याच्या खाटेला किती हात लागले यावरून ठरते.

आपल्या मुलखाचा इतिहासहि हेंच सांगतो. जुन्या खानदेश जिल्ह्याचे इ. स. १९०६ मध्यें पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. आज त्याच मुलखांत जळगांव, धुळें आणि १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून निराळा झालेला नंदुरबार, असे तीन जिल्हे आहेत. या मुलखाच्या पश्चिम टोंकास, नवापूर तालुक्यांत, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा येथें इ. स. १९४२ पासून ख्रिस्ती रुग्णालयाचें काम चालत आलें आहे. सारें जग महायुद्धाच्या वणव्यांत होरपळत असतां, एका आदिवासी तालुक्यांत हा दिवा लागला. त्याच्याहि पूर्वीं, इ. स. १८९४ मध्यें, मिरज येथें डॉक्टर विल्यम वानलेस यांनीं रुग्णालय उघडलें होतें. या कार्याच्या आरंभीं दूरदेशाहून आलेले लोक होते हें खरें. परंतु आजाऱ्यांना उचलून आणणारे, पाणी तापविणारे आणि रात्रभर उशाशीं बसणारे हात पुष्कळदां याच मातींतले होते.

आतां खाटेला चार कोपरे असतात. एक जरी हात सुटला तरी आजारी कलंडतो. तसेंच आरोग्य केंद्राच्या कामाचे चार कोपरे आहेत. त्यांचा आपण एकेक विचार करूं.

पहिला कोपरा : पक्षपात नको. तो पक्षघाती कोणत्या कुळाचा, कोणत्या गांवचा, गरीब कीं श्रीमंत, हें मार्क सांगत नाहीं. त्याला पाय नव्हते, एवढेंच पुरेसें होतें. लूकाच्या दहाव्या अध्यायांतील शोमरोन्यानेंहि रस्त्यांत पडलेल्याची जात विचारली नाहीं. आणि ज्यांनीं ती विचारण्याचें कारण नव्हतें, ते याजक व लेवी मात्र दुसऱ्या बाजूनें निघून गेले. आपल्या देशांत रोगाहूनहि जुना एक रोग आहे, तो शिवाशिवीचा. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील जामखेड येथें डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें इ. स. १९७० मध्यें ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. त्यांनीं पाण्याचे हातपंप दलित वस्तींत बसविण्याची युक्ति योजिली. ज्यांना त्या वस्तींत पाऊल टाकणें नको होतें, त्यांनाहि शुद्ध पाण्यासाठीं तेथें यावें लागलें. एकाच पंपाखालीं साऱ्यांच्या घागरी भरल्या. जुलाब-उलटी कमी करणारें तें पाणी मनांतला मळहि थोडाथोडा धुवूं लागलें. ज्या केंद्राच्या ओटीवर सारे एकाच बाकावर बसतात, तें केंद्र औषध देण्यापूर्वींच अर्धें काम करून चुकलेलें असतें.

दुसरा कोपरा : दयेला मोबदला नको. हा मुद्दा आपल्या लोकांनीं विशेष लक्षांत ठेवावा. लूकाच्या सतराव्या अध्यायांत दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परत येऊन प्रभूच्या पायां पडला. बाकीचे नऊ कोठें आहेत, असें प्रभूनें विचारलें खरें. परंतु त्या नवांचें कोड परत आणलें नाहीं. कृतघ्नांचेंहि आरोग्य त्यानें तसेंच राहूं दिलें. प्रभूच्या नांवानें चालणाऱ्या केंद्राचा नियम यांत आला. औषधाची पुडी म्हणजे गळाला लावलेलें आमिष नव्हे. आजारी मनुष्य दुबळा असतो, भ्यालेला असतो. त्या घटकेस त्याच्याकडून विश्वासाची कबुली मागणें म्हणजे बुडणाऱ्याला हात देण्यापूर्वीं त्याच्याशीं सौदा करणें होय. असा सौदा प्रभूनें कोणाशींहि केला नाहीं. औषधासाठीं जो आला तो औषध संपतांच जाईल. आणि जातांना आपल्या नांवाबरोबर प्रभूच्या नांवालाहि बोल लावील.

तथापि याचा अर्थ असा नव्हे कीं आपण प्रभूचें नांव लपवावें. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत सांगितल्याप्रमाणें, आपल्या आशेचें कारण कोणी विचारलें तर तें सौम्यतेनें व आदरानें सांगण्यास आपण सिद्ध असावें. पण कोणीं विचारावें, असें आधीं आपलें वर्तन असूं द्या. न विचारतां दिलेलें उत्तर पुष्कळदां वाऱ्यावर जातें.

तिसरा कोपरा : प्रार्थना आणि औषध यांची फारकत नको. आपल्या मंडळ्यांत अधूनमधून एक विचार ऐकूं येतो, तो असा : आपण भगताला सोडून प्रभूकडे आलों, आतां डॉक्टराकडे धांवणें म्हणजे पुनः अविश्वासाकडे वळणें होय. हा विचार भक्तीच्या वेषांत येतो, म्हणून तो अधिकच जपून पारखला पाहिजे.

हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला असतां देवानें यशयाच्या द्वारें त्याला आणखी पंधरा वर्षांचें आयुष्य देऊं केलें. वचन प्रत्यक्ष देवाचें. तरी त्याच यशयानें अंजिरांचा लेप आणवून गळवावर लावविला (२ राजे २०). वचन आणि लेप यांत यशयाला कांहीं विरोध दिसला नाहीं. पौलानें तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर उपाय सुचविला, आणि त्याचा प्रिय सोबती लूक हा तर वैद्यच होता. याकोबाच्या पांचव्या अध्यायांत वडिलांनीं आजाऱ्यावर प्रार्थना करावी व तेल लावावें असें सांगितलें आहे. तें तेल त्या काळीं जखमेवर घालण्याचें औषधहि होतें, हें शोमरोन्याच्या दाखल्यावरून आपल्याला ठाऊक आहे. भगताच्या झाडपाल्यांत क्वचित् कांहीं गुणहि असेल. आपण जें सोडलें तें त्यामागचें भुताखेतांचें भय. डॉक्टर भय घालीत नाहीं. तो देवानें सृष्टींत ठेविलेल्या गुणांचा शोध घेतो व ते वापरतो.

म्हणून आम्ही स्पष्ट लिहितों. साप चावलेल्या मुलाजवळ रात्रभर बसून केवळ प्रार्थना करणें, आणि पहांटे त्याला मातीआड करणें, याला विश्वास म्हणूं नये. प्रार्थना चालतां चालतां करतां येते. झोळी खांद्यावर असतांहि करतां येते. त्या चौघांनीं कोणती प्रार्थना म्हटली हें लिहिलेलें नाहीं. त्यांचा विश्वास प्रभूनें ‘पाहिला’ असें मात्र लिहिलें आहे. जो विश्वास डोळ्यांना दिसतो तो हातापायांत असतो.

चौथा कोपरा : गांवाचे हात. जामखेड येथें हें सत्य उघड झालें कीं डॉक्टर व परिचारिका थोडक्या, गांवें पुष्कळ, आणि रोगांचें मूळ दवाखान्यांत नसून घरांत, पाण्यांत व शेतांत आहे. म्हणून गांवांनींच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यांत आलें. त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक खालच्या मानलेल्या जातींतल्या होत्या. बाळंतीण कशी जपावी, मूल कसें तोलावें, पाणी कसें राखावें, हें त्या शिकल्या व घरोघर शिकवूं लागल्या. त्या प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणें १९७१ सालीं तेथें जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १७६ मुलें वर्षाच्या आंत दगावत. १९९० नंतरच्या दशकांत ही संख्या तीसांच्या खालीं आली. इ. स. १९७९ मध्यें या दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई १९९९ सालीं व रजनीकांतराव २०११ सालीं प्रभूकडे गेले. परंतु त्यांनीं शिकविलेल्या बायांचें ज्ञान गांवांत राहिलें. सप्टेंबर १९७८ मध्यें अल्मा-आता येथें जगांतील राष्ट्रांनीं प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, त्यांतहि लोकांचा स्वतःचा सहभाग हेंच मुख्य तत्त्व मांडलें होतें. इ. स. २००५ पासून आपल्या सरकारनें गांवोगांव ‘आशा’ नेमल्या, तीहि याच वाटेवरची पावलें होत.

पहा, प्रभूनें त्या मनुष्याला बरें केलें, आणि ज्या खाटेवर तो पडून होता तीच त्याला उचलण्यास सांगितली. काल खाट त्याला वाहत होती, आज तो खाटेला वाहतो. आरोग्य केंद्राचा खरा हेतु यापेक्षां थोडक्यांत सांगतां येणार नाहीं. लोक पुनःपुनः दारीं यावे यासाठीं केंद्र नसतें. त्यांनीं आपली खाट आपण उचलावी, आणि पुढें शेजाऱ्याच्याहि खाटेला खांदा द्यावा, यासाठीं तें असतें.

उपदेशक बंधूंनो व बायबल-बायांनो, तुम्ही अशा गांवीं जातां जेथें डॉक्टर महिनोन्‌महिने जात नाहीं. म्हणून पुढील गोष्टी शास्त्राबरोबर आपल्या मनांत बाळगा.

नामान सेनापति यार्देनेंत स्नान करण्यास सांगतांच रागावला. एवढ्या सोप्या उपायानें आपला मोठा रोग कसा जाईल, असें त्याला वाटलें. आपल्यालाहि तसेंच वाटतें. मुलाला जुलाब लागले कीं आपण सुई मागतों, सलाईन मागतों. परंतु इ. स. १९७१ मध्यें बंगालच्या सरहद्दीवर बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत पटकीनें शेंकडा तीसांच्या सुमारास रोगी मरत असतां, डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं मीठ व साखर घातलेलें पाणी पाजून तें प्रमाण शेंकडा चारांच्या खालीं आणलें. सरकारी केंद्रांत याची पुडी मिळते. ती नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावें, आईचें दूध चालूं ठेवावें, आणि मूल सुस्त झालें, त्याला पिववेना, किंवा शौचावाटे रक्त पडलें तर लगेच दवाखाना गांठावा. ही आपली यार्देन होय.

साप चावल्यास जागा कापूं नये, चोखूं नये, करकचून बांधूं नये. अवयव हालूं न देतां रोग्याला उचलून जेथें प्रतिविष असेल त्या रुग्णालयीं न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारांच्या विषावर तें चालतें. मंत्रावर यांपैकीं एकाचेंहि विष उतरत नाहीं.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बेडका तपासून घ्यावा. क्षयाची तपासणी व औषध सरकारी केंद्रांत विनामूल्य आहे. औषध निदान सहा महिने, बरें वाटूं लागलें तरी, सोडूं नये. अर्ध्यावर सोडलेलें औषध रोगाला अधिक बळकट करतें.

आणि सातपुड्याच्या आदिवासी बांधवांत आढळणारा सिकलसेल. हा शाप नव्हे, करणी नव्हे. रक्तांतील एक दोष आहे, जो आईबापांकडून मुलाकडे येतो. दोघेहि वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. १ जुलै २०२३ पासून याची तपासणी करण्याची राष्ट्रीय मोहीम चालूं झाली आहे. लग्न ठरविण्यापूर्वीं मुलगा व मुलगी यांचें रक्त तपासून घेण्याची चाल आपल्या मंडळ्यांनीं पाडावी. ज्या घरीं असें मूल आहे त्या घराला कोणीहि नांवें ठेवूं नये.

सरकारी दवाखान्यांस नांवें ठेवणें सोपें आहे. ठरावाप्रमाणें डोंगराळ व आदिवासी भागांत ३,००० वस्तीस एक उपकेंद्र, २०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८०,००० वस्तीस तीस खाटांचें एक सामुदायिक आरोग्य केंद्र असावें. सपाटीवर हेच आंकडे ५,०००, ३०,००० व १,२०,००० असे आहेत. जेथें इमारत आहे पण डॉक्टर नाहीं, डॉक्टर आहे पण औषध नाहीं, तेथें गाऱ्हाणें अवश्य मांडावें. परंतु गांवच्या आरोग्य समितींत आपल्यांतील किती जण बसतात? आशाताई घरोघर फिरते तेव्हां तिला पाणी कोण विचारतें? लसीच्या दिवशीं मुलें जमविण्यास मंडळीच्या बाया पुढें होतात काय? आमचें मिशनचें केंद्र व त्यांचें सरकारी केंद्र असा भेद आजाऱ्याला नसतो, आपल्यालाहि नसावा.

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. त्या पक्षघात्याची वाट कोणीं अडविली? चोरांनीं नाहीं, मूर्तिपूजकांनीं नाहीं. प्रभूचें वचन ऐकावयास आलेल्या भाविकांनींच दार अडविलें होतें. ते वाईट नव्हते. फक्त त्यांची पाठ बाहेरच्या खाटेकडे होती. आणि आंत बसलेले शास्त्री मनांत दोष मोजीत होते, तेव्हां छपरावर चार माणसांचे हात मातीनें माखले होते. प्रत्येक मंडळीनें स्वतःस विचारावें : आपण या गोष्टींत कोठें आहों? दारांतल्या गर्दींत, दोष मोजणाऱ्यांत, कीं खाटेच्या कोपऱ्याशीं?

त्या घराच्या मालकाबद्दल शास्त्र कांहींच सांगत नाहीं. त्याचें छप्पर मोडलें. पावसापूर्वीं त्यालाच तें शाकारावें लागलें असेल. कोणाच्या तरी छपराची झीज झाल्यावांचून कोणाची खाट प्रभूपाशीं उतरत नाहीं. आपली मंडळी मोठी नाहीं, दानपेटी हलकी आहे, हें आम्ही जाणतों. परंतु गाडीभाड्याची एक लहानशी थैली प्रत्येक मंडळी राखूं शकते. एकशें आठ या क्रमांकाची रुग्णवाहिका कोणत्या फाट्यापर्यंत येते, हें प्रत्येक उपदेशक ठाऊक करून घेऊं शकतो. आणि प्रत्येक पाड्यांत, हांक येतांच उठतील असे चार तरुण आजच नेमून ठेवितां येतील. विश्वासाच्या गोष्टीची सुरुवात एवढ्यानेंच झाली होती.

हे दयाळू पित्या, ज्यांनीं आमच्या मुलखांत आजाऱ्यांसाठीं दार उघडलें त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतों. जे आज रात्रीं कोणाच्या उशाशीं जागे आहेत त्यांना बळ दे. डोंगरावरून झोळी घेऊन उतरणाऱ्यांचा पाय घसरूं देऊं नको. आणि आम्हांला दारांतून बाजूस सरण्याची व खांदा पुढें करण्याची बुद्धि दे. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.